डॅशकॅममध्ये मोबाइलचे जुने कार्ड चालेल का?

मोबाइलमधून निघालेले १२८ जीबीचे कार्ड घरात पडून असताना डॅशकॅमसाठी, म्हणजे गाडीच्या काचेवरून रस्त्याचे चित्रण करत राहणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, ‘हाय एन्ड्युरन्स’ (सतत पुसणे-लिहिणे जास्त काळ सोसणाऱ्या) कार्डावर वेगळे पैसे का घालावेत, असे आपण विचारले आहे. नेमके हेच माझ्या साडूंनी मला विचारले होते, आणि त्या वेळी उत्तर न सुचल्यामुळे त्यांनी पाकिटातून काढून दिलेले जुने कार्ड मी मुकाट्याने कॅमेऱ्यात घातले.

२०२३ च्या मे महिन्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागली होती. पुढचा टेम्पो चढावर सुटताना मागे घरंगळला आणि माझ्या बॉनेटवर आदळला. चालक खाली उतरला तोच मुळी मी मागून ठोकल्याचे सांगत. मागच्याचीच चूक असते हे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले आहे की जमलेल्या मंडळींनीही माना डोलावल्या. मी मात्र निर्धास्त होतो, कारण काचेवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. सगळ्यांच्या देखत चित्रण उघडले, तर शेवटची फीत २२ दिवसांपूर्वीची, कराडच्या मुंजीहून परततानाची निघाली. टेम्पोच्या मागच्या दिव्यांचे साडेतीन हजार मी तिथेच मोजले. बॉनेटचा खर्च वेगळा.

घरी येऊन ते कार्ड फॉरमॅट केले, तसा संदेशही आला, आणि काढून पुन्हा घातल्यावर मुंजीच्या फिती जशाच्या तशा हजर. फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते, आणि ती मर्यादा संपत आली की काही कार्डे जुने वाचू देतात पण नवे लिहू देत नाहीत. मोबाइलमधला फोटो एकदा लिहिला की पडून राहतो. डॅशकॅम सेकंदाला १५ मेगाबिट दराने चित्रण करत असेल, तर तासाला पावणेसात जीबी लिहितो, म्हणजे १२८ जीबी साधारण १९ तासांत भरते आणि मग जुने पुसून त्यावर नवे लिहिण्याचे चक्र कायमचे सुरू होते. त्यात उन्हात उभ्या गाडीतली काचेजवळची भट्टी आहेच.

पुड्यावर ठळक छापलेला सेकंदाला १५० एमबीसारखा आकडा वाचनाचा असतो, आणि त्यासाठी जादा पैसे देणे हा निव्वळ मूर्खपणा आहे. वरच्या हिशेबात (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) लेखन सेकंदाला दोन एमबीसुद्धा होत नाही. कार्डावर व्ही३० ही खूण, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लेखनाची हमी, असली की फोर-केलाही पुरते. पाहायचा तो कार्ड किती तासांचे चित्रण सोसेल हा आकडा: सॅनडिस्कच्या ‘मॅक्स एन्ड्युरन्स’ मालिकेत ६४ जीबीला ३०,००० तास आणि १२८ जीबीला ६०,००० तास सांगितले जातात. अनेक साध्या कार्डांच्या वॉरंटीतून तर डॅशकॅमचा वापर वगळलेलाच असतो.

साडूंचे म्हणणे आजही असे की तेवढ्या पैशांत दोन साधी कार्डे येतात, एक मेले की दुसरे घालावे. पण पहिले मेले हे कळणार कसे? माझे २२ दिवस मेलेलेच होते आणि दिवा लुकलुकत होता. हे मी त्यांना दोन दिवाळ्यांना समजावून सांगितले आहे.

अर्थात एन्ड्युरन्सवाले कार्डही अमर नसते, आणि तेही असेच गुपचूप जाऊ शकते, म्हणून मी आता दर रविवारी शेवटची फीत उघडून पाहतो व महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करतो; धक्का बसला की कॅमेरा जी फीत पुसली जाऊ नये म्हणून कुलूपबंद करतो, तशा साठलेल्या फितीही त्याने निघून जातात. आपला कॅमेरा १२८ जीबी स्वीकारतो का, हे आधी त्याच्या पुस्तिकेत पाहावे, कारण काही कॅमेरे ६४ जीबीच्या पुढे जात नाहीत. आणि साडूंचे कार्ड मुळातच बनावट असण्याचीही शक्यता आहे; एचटूटेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासण्याचा संगणकावरचा प्रोग्रॅम चालवून त्याची खरी क्षमता मी तपासली नव्हती, ही गोष्ट मी त्यांच्यापाशी अजून काढलेली नाही.