वाचकांचे प्रश्न : टायबरचा उतार आणि १९३ मतं

प्रश्न : टेकड्यांमुळे संरक्षण मिळालं म्हणून रोम मोठं झालं, असं वाचलं. एवढंच कारण होतं का?

उत्तर : नाही. टेकड्या रोमभोवतीच्या लॅटियम प्रदेशात इतरत्रही होत्या. रोमचं खरं भांडवल म्हणजे टायबर नदीला तिथे मिळणारा उतार, म्हणजे पार करण्याजोगी जागा. नदीतल्या बेटाजवळ नदी ओलांडणं सोपं जाई, त्यामुळे उत्तरेची एट्रुस्कन शहरं आणि दक्षिणेचा कॅम्पानिया यांच्यातली ये-जा इथून होई. मुखाजवळच्या मिठागरांतलं मीठ व्हिया सालारिया या रस्त्याने सॅबाइन डोंगरांत पोचे. समुद्र सुमारे २५ किलोमीटर. होड्या येत, पण चाचे अचानक दारात उभे राहत नसत.

जागा आयती मात्र नव्हती. फोरमचा, म्हणजे पुढे शहराचा मुख्य चौक झालेला सखल भाग पुरात बुडे. तिथे भराव घातला आणि पाणी क्लोआका मॅक्सिमा या मोठ्या गटारातून नदीत सोडलं, तेव्हा कुठे चौक झाला. शिवाय शत्रू उशाशी : व्हेई हे एट्रुस्कन शहर जेमतेम १६ किलोमीटरवर. इसवी सनपूर्व ३९६ मध्ये ते पडेपर्यंत लढाया चालूच राहिल्या.

प्रश्न : राजा घालवून लोक मतदान करू लागले, तरी सत्ता मूठभर घराण्यांकडेच कशी राहिली?

उत्तर : मोजणीच तशी होती. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ पासून वर्षाच्या मुदतीचे दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी आले, एकमेकांना रोखू शकणारे. त्यांना निवडणारी सभा सैन्याच्या धर्तीवर १९३ गटांची, आणि मत माणसाला नव्हे, गटाला. घोडदळाचे १८ आणि श्रीमंत पहिल्या वर्गाचे ८० मिळून ९८; बहुमताला ९७ पुरेत. वरचे गट आधी मत देत आणि बहुमत झालं की मतदान थांबे. मालमत्ता नसलेले सगळे मिळून एक गट, आणि त्याची पाळी बहुधा येतच नसे.

सामान्यांचं बळ वेगळीकडे होतं. सतत लढणाऱ्या शहराला त्यांच्याशिवाय सैन्य उभं करता येईना. परंपरा सांगते, की इ.स.पू. ४९४ मध्ये त्यांनी शहराबाहेर डोंगरावर ठिय्या दिला आणि स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे त्यांची बाजू राखणारे अधिकारी मिळवले. इ.स.पू. २८७ मध्ये प्लेबियन, म्हणजे सामान्यांच्या सभेचे ठराव सर्वांवर बंधनकारक झाले. त्याच शतकात पहिल्या वर्गाचे गट ७० वर आले, म्हणजे बहुमतासाठी दुसऱ्या वर्गाचीही मनधरणी आली. निर्धनांचा गट मात्र एकच राहिला.