मेलबॉक्सची किल्ली दिलीत, पण जागा अजून कुणाच्या नावावर आहे?

कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या एका मोबाईल होम पार्कमध्ये, म्हणजे घर आपलं पण खालची जागा भाड्याची अशा वसाहतीत, बरीच वर्षं राहून पुण्याला परतलेल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. घर ओळखीतल्या माणसाला विकलं, पैसे पूर्ण मिळाले, वहीच्या पानावर पावती झाली. निघायच्या सकाळी घराच्या किल्ल्यांबरोबर मेलबॉक्सच्या दोन्ही किल्ल्याही त्याच्या हातात दिल्या. आता पार्कची मॅनेजर कुलूप बदलायचा खर्च मागते आहे, आणि तो द्यावा लागेल का, हा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘दोन महिन्यांचं जागाभाडंही आमच्याच नावावर थकलं आहे म्हणतात.’

असा प्रश्न विचारणारी पत्रं मला वरचेवर येतात, आणि दर वेळी खरं दुखणं शेवटच्या ओळीत असतं.

कुलपाचं आधी सांगून टाकतो. पार्कच्या तोंडाशी छोट्या दारांचं जे कपाट असतं, ते पोस्टाच्या मालकीचं आहे की पार्कच्या, हे विचारा. पोस्टाचं असेल तर कुलूप पोस्ट बदलतं आणि त्याची फी नवा रहिवासी भरतो. पार्कचं असेल तर तुमच्या भाडेकरारात आणि पार्कच्या नियमांत काय लिहिलंय ते पाहावं लागेल. ते कागद तुम्ही पाठवलेले नाहीत. रक्कम किरकोळ असेल तर यावरून मॅनेजरशी वाद घालू नका. तिच्याशी पुढे मोठं काम आहे.

घर तुमचं होतं, जमीन पार्कची. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम ७९८.७५ आहे. विकलेलं घर पार्कातच राहणार असेल, तर नव्या मालकाने पार्कशी केलेल्या भाडेकराराची सह्या झालेली प्रत, किंवा अटी ठरल्याचं पार्क आणि खरेदीदार दोघांच्या सहीचं निवेदन, विक्रीच्या कागदांत असावंच लागतं. खरेदीदाराने भाडेकरार केला नाही, तर त्याला त्या जागेवर भाडेकरूचा कोणताही हक्क नाही. तुमच्या कागदांत यातलं काहीच नाही. शिवाय जागा सोडण्याआधी ६० दिवसांची लेखी सूचना द्यायची असते. तीही दिलेली दिसत नाही. म्हणजे तुम्ही पुण्यात, घरात दुसराच माणूस, आणि पार्कच्या दप्तरी भाडेकरू अजून तुम्हीच.

आता किल्लीकडे येऊ. भाडं ठरलेल्या तारखेनंतर पाच दिवस थकलं, की पार्क तीन दिवसांची नोटीस देऊ शकतं: पैसे भरा किंवा जागा सोडा. माणूस भेटला नाही तर ती दारावर चिकटवतात आणि त्याच पत्त्यावर टपालाने पाठवतात. ते पाकीट ज्या छोट्या दाराआड पडणार, त्याच्या दोन्ही किल्ल्या तुम्ही देऊन बसलात. विमानाचं तिकीट तीन ठिकाणी जपून ठेवणारी माणसं काही लाख डॉलरचं घर वहीच्या पानावर विकतात, याचा मला राग येतो. आणि कष्टाचा पैसा असा टांगणीला लागलेला पाहून वाईटही वाटतं.

तेव्हा आजच थकलेलं भाडं ‘हक्क राखून’ असं लिहून भरा. कुणी भरायचं हा हिशेब खरेदीदाराशी नंतर करता येईल, पण नोटिशीची मुदत त्यासाठी थांबत नाही. मग खरेदीदाराला फोन करून, पार्कात राहण्याच्या मंजुरीसाठीच्या त्याच्या अर्जात नेमकं काय राहिलंय ते विचारा. मागितलेली सगळी माहिती मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत पार्कने होकार किंवा नकार लेखी कळवायचा असतो. सगळं अडलंय ते ‘सगळी’ या शब्दावर. पगाराची एक स्लिप राहिली तरी ते १५ दिवस सुरूच होत नाहीत, आणि दोन महिने तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं आहे. काय काय हवंय त्याची यादी मॅनेजरकडून ईमेलवर मागा. खरेदीदाराची भाडं भरण्याची ऐपत असेल आणि आधीच्या जागांमधली त्याची वागणूक ठीक असेल, तर पार्कला सहज नकार देता येत नाही.

तुमची मुलगी तिकडेच, फ्रीमाँटला आहे असं तुम्ही लिहिलंय. तिचा पत्ता पार्कला लेखी कळवा आणि पोस्टात पत्ताबदल नोंदवा. फर्स्ट क्लास टपाल, म्हणजे नेहमीची पत्रं, १२ महिने पुढे पाठवलं जातं, पण पाकिटावर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ छापलेलं असेल तर ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. म्हणून करार होईपर्यंत मेलबॉक्सची एक किल्ली खरेदीदाराने मुलीकडे द्यावी, असं ठरवा. तिने फक्त तुमच्या नावाची पाकिटं घ्यावीत. दुसऱ्याचं टपाल दाबणं किंवा फोडणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे खरेदीदारालाही सांगा. मुलीला तुमच्या वतीने सह्या करता याव्यात म्हणून मुखत्यारपत्र लागेल. ते मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरी करून मिळतं, एका शिक्क्याला ५० डॉलर.

घराचं टायटल, म्हणजे मालकीची नोंद, राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, एचसीडीकडे, नोंदलेलं असतं. वहीच्या पानाने ते बदललेलं नाही. तिथे कराचा कोणता दाखला लागेल हे त्या घरावर कर कसा आकारला जातो त्यावर आहे, कागद पाहून सांगेन.

तुम्ही भरलेलं भाडं खरेदीदाराने परत दिलं नाही तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो. पण तिथे वकील चालत नाही, स्वतः उभं राहावं लागतं, म्हणून आत्ताच त्याच्याकडून लेखी कबुली घ्या.

भाडेकराराची सह्या झालेली प्रत मुलीच्या हातात आली, की त्याच दिवशी तिच्याकडची किल्ली परत द्या आणि पावती करा: घराच्या किल्ल्या किती, मेलबॉक्सच्या दोन, तारीख, खरेदीदाराची सही. त्या पावतीचा फोटो मॅनेजरला पाठवा.