मुंबईच्या पहिल्या पूर्ण मॅरेथॉनसाठी कोणता वेग ठरवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या डिसेंबरात पुण्याच्या थंडीत अर्धमॅरेथॉन १ तास ५५ मिनिटांत पूर्ण झाली, शर्यतीच्या वेळेचा अंदाज देणाऱ्या गणकयंत्राने पूर्ण मॅरेथॉनसाठी ४ तास हा आकडा दिला, आणि आता जानेवारीत मुंबईला धावताना सुरुवातीला वेगाने धावून वेळ शिल्लक टाकावी, पहिल्यापासून एकच गती ठेवावी, की पूर्वार्ध सावकाश आणि उत्तरार्ध वेगाने धावावा. माझे मत आधीच सांगतो. ४ तासांचे लक्ष्य या वर्षापुरते सोडून द्या, ४ तास १५ मिनिटे हे लक्ष्य धरा, आणि घड्याळातली गती नव्हे तर शरीरावरचा ताण शेवटपर्यंत शक्य तितका समान ठेवा.

गणकयंत्राचा आकडा कुठून येतो ते पाहू. बहुतेक गणकयंत्रे पीटर रीगल यांचे सूत्र वापरतात. त्यानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८५ पट होतो, आणि ११५ मिनिटांचे त्या हिशेबाने जवळपास बरोबर २४० होतात. सूत्र चुकीचे नाही, परंतु दोन्ही शर्यतींसाठी तयारी सारखीच झाली आहे आणि हवामानही सारखेच आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. आठवड्याला ४० किलोमीटर धावणाऱ्याची अर्धमॅरेथॉनची तयारी पुरेशी असते, पूर्ण मॅरेथॉनची क्वचितच. त्यात पुण्याच्या कोरड्या थंडीतली वेळ मुंबईच्या दमट हवेला लावायची म्हणजे एका गावचा भाव दुसऱ्या गावच्या बाजारात मागण्यासारखे आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या अर्धमॅरेथॉनची वेळ तर या सूत्रात घालूच नये. तिचा उपयोग चढावर गती सोडून श्वासावर लक्ष कसे ठेवायचे हे शिकण्यापुरता, आणि तेवढ्यासाठी ती उत्तम आहे.

वेळ शिल्लक टाकण्याचा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. मुंबईच्या माझ्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये लक्ष्य ४ तासांचेच होते. पहाटेचा गारवा, मरीन ड्राइव्हचे दिवे आणि आजूबाजूची गर्दी यांमुळे पाय आपोआप सुटत गेले, आणि पूर्वार्ध मी १ तास ५४ मिनिटांत संपवला. सहा मिनिटे हाताशी आहेत याचा आनंद तिसाव्या किलोमीटरपर्यंत टिकला. पुढे हाजी अलीवरून पेडर रोडचा चढ सुरू झाला तेव्हा मी चालायला लागलो होतो, आणि एकूण वेळ लागला ४ तास ४१ मिनिटे. उत्तरार्ध २ तास ४७ मिनिटांचा झाला, म्हणजे वाचवलेल्या सहा मिनिटांवर मी सत्तेचाळीस मिनिटांचे व्याज भरले.

असे का होते याचे कारण इंधनात आहे. यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) साधारण दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास असते, आणि धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. सत्तर किलोच्या माणसाला ४२.२ किलोमीटरच्या संपूर्ण अंतरासाठी जवळपास २,९५० किलोकॅलरी लागतात. उरलेली गरज चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या साखरेतून भागते, पण गती जितकी जास्त तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो. त्यामुळे सुरुवातीच्या दहा किलोमीटरमध्ये किलोमीटरमागे दहा सेकंद वाचवताना जे इंधन जळते, ते शेवटच्या दहामध्ये परत मिळत नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पहिल्या तासापासूनच घ्यावीत आणि सरावात पोटाला त्याची सवय लावावी. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर बळेच पाणी पिणेही धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम घटू शकते.

निगेटिव्ह स्प्लिटचे, म्हणजे उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा वेगाने धावण्याचे, समर्थक जगज्जेत्यांचे दाखले देतात. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टमने २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचा पूर्वार्ध ६०:४८ आणि उत्तरार्ध ५९:४७ होता, हे खरे आहे. परंतु २०२२ मध्ये बर्लिनला एलिउड किपचोगेने २:०१:०९ चा विक्रम केला तेव्हा त्याचा पूर्वार्ध ५९:५१ आणि उत्तरार्ध ६१:१८ होता. शिवाय दोन्ही शर्यती सपाट रस्त्यावर, गार हवेत झालेल्या होत्या. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. पहाटे पाचला निघालेला ४:१५ चा धावपटू तेव्हा २२ किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पूर्वार्ध अंधारात आणि उत्तरार्ध चढत्या उन्हात. मी धावलो त्या वर्षांत पेडर रोडचा परतीचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरनंतर, साडेआठच्या पुढे येत असे. मार्गात वेळोवेळी बदल होतात, म्हणून यंदाचा नकाशा जरूर पाहावा. अशा शर्यतीत उत्तरार्ध वेगवान करण्याचा हट्ट धरायचा तर पूर्वार्धात गारव्याचा फायदाच सोडून द्यावा लागतो. ते मला शहाणपणाचे वाटत नाही.

४:१५ साठी सरासरी गती किलोमीटरला ६:०३ (६ मिनिटे ३ सेकंद) येते. पहिले पाच किलोमीटर ६:१५ ने धावा. तेव्हा शेकडो लोक पुढे जातील, जाऊ द्या. तिथून तिसाव्या किलोमीटरपर्यंत ५:५६ च्या आसपास राहिलात तर तीस किलोमीटर जेमतेम तीन तासांत होतात, आणि उरलेल्या १२.२ किलोमीटरसाठी सरासरी ६:११ पुरते. त्यातच चढावर साडेसहा आणि उतारावर सहाच्या आत असा हिशेब बसतो. पूर्वार्ध २ तास ७ मिनिटांचा आणि उत्तरार्ध २ तास ८ मिनिटांचा होईल. माझ्या त्या पहिल्या मॅरेथॉनच्या पुढच्या वर्षी मी जवळपास याच आराखड्याने धावलो आणि २:०७ व २:१० अशा दोन भागांत ४:१७ ला पोहोचलो. पेडर रोडवर एकदाही चाललो नाही.

घड्याळाबद्दल एक व्यावहारिक सूचना. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो, आपण मात्र गर्दीतून आणि पाण्याच्या टेबलांकडे वळत धावतो. उंच इमारतींमुळे उपग्रहाचा संकेतही बिघडतो. त्यामुळे शेवटी घड्याळ ४२.७ किलोमीटरही दाखवू शकते, आणि तसे झाले तर ४:१५ साठी घड्याळातली सरासरी ५:५८ असावी लागते. मी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी वेळ ताडून पाहतो. ठरावीक वेळेच्या गतीने धावून इतरांना सोबत नेणाऱ्या पेसरच्या मागे धावणाऱ्या घोळक्याला आपल्याकडे ‘बस’ म्हणतात, आणि पहिल्या मॅरेथॉनला बस पकडणे चांगलेच. फक्त पेसर सुरुवात सावकाश करणार की नाही हे आधी विचारून घ्यावे.

सरावात मुख्य बदल लाँग रनमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावेत, करावा लागेल. सोळा आठवड्यांत ३० ते ३२ किलोमीटरच्या तीन धावा व्हाव्यात, त्यांपैकी दोहोंमध्ये शेवटचे आठ-दहा किलोमीटर सहाच्या गतीने, आणि निदान एक धाव मुद्दाम उशिरा, साडेसहाला सुरू करून, म्हणजे शेवट उन्हात येईल. त्या दिवशी त्याच गतीला हृदयाचे ठोके किती वाढतात ते लिहून ठेवा. लक्ष्य ठरवायला तो आकडा गणकयंत्राहून अधिक उपयोगी पडतो. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत न्यावे.

शर्यतीच्या आदल्या रात्री हवामान पाहावे. पहाटेचे तापमान २२ अंशांच्या वर राहणार असेल तर त्याच रात्री लक्ष्य ४:२५ करा आणि सगळ्या आकड्यांत किलोमीटरमागे चौदा सेकंद वाढवून ते आकडे लिहिलेला कागद बिबच्या, म्हणजे छातीवरच्या क्रमांकपट्टीच्या, मागे चिकटवून ठेवा, कारण पहाटे पाचला त्या गर्दीत उभे राहून स्वतःला सावकाश धावायला राजी करणे जमत नाही.