लोड ट्रकला घाटात खालचा गियर कसा टाकायचा?

तुम्ही विचारलंय की हेवीचं लायसन्स नुकतंच मिळालंय, रिकामी गाडी नीट चालते, पण लोड असला की चौथ्यातून तिसरा टाकताना खरखर होते आणि घाट आला की हात थरथरतो. मी दहाचाकी चालवतो, त्यामुळे सहा गियरची 28 टनी गाडी डोळ्यांपुढे ठेवून सांगतो.

आधी खरखरीचं बघू. गाडीचा वेग तोच ठेवून एक गियर खाली आलात की इंजिनाला साधारण दीडपट फिरावं लागतं. चौथ्यात आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा 1400वर असेल तर तिसऱ्यात 2100च्या आसपास जाणार. गियरबॉक्समधल्या शाफ्टला तेवढा वेग आधी मिळाला नाही की दात दातावर घासतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांना सिंक्रोमेश असतो आणि तो हे जुळवून घेतो, पण त्याच्या रिंगा झिजल्या असतील किंवा फरक मोठा असेल तर तोही कमी पडतो. अशा वेळी डबल क्लच मारा. क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, रेस देऊन काटा 2000च्या वर न्या, लगेच पुन्हा क्लच दाबून तिसरा टाका. जमलं तर दांडा दोन बोटांनी आत जातो. जोर लावावा लागत असेल तर रेस कमी पडलीय किंवा गाडीच त्या गियरसाठी जास्त पळतेय.

अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचे क्लच न दाबता गियर बदलण्याचे व्हिडिओ बघून ते इथे करू नका. त्यांच्या त्या गियरबॉक्सला सिंक्रोमेश नसतो. आपल्या गाडीत तो प्रयोग केलात की महिनाभरात मेकॅनिकचं घर चालेल.

चढाला फार डोकं लावायचं नाही. इंजिन दम टाकायच्या आधी, काटा 1200च्या खाली जाऊ न देता गियर उतरवा. खडा चढ असेल तर क्लच दाबताच गाडीचा वेग पडतो, मग एक गियर गाळून थेट त्याखालचा टाका.

खरी गोष्ट उताराची. तिथला गियर घाट सुरू होण्याआधी, सपाटीवर टाकायचा, मध्ये बदलायचा नाही. 28 टन वजन 5 टक्के उतारावर 40च्या वेगाने सोडलं तर ते गाडीला जवळजवळ 150 किलोवॉटने, म्हणजे 200 अश्वशक्तीने ढकलतं. हे सगळं ब्रेकवर घेतलंत तर ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि पॅडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. वेग 20 केलात की ही ताकद निम्मी होते, आणि तिचा मोठा वाटा खालचा गियर आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी धरणारा) मिळून पेलतात. एक्झॉस्ट ब्रेक जास्त आरपीएमला चांगला धरतो, म्हणून काटा 2000च्या आसपास राहील असा गियर निवडा. पण लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत असतात, डिझेल तोडून ते आवरत नाही.

‘ज्या गियरात घाट चढता त्यातच उतरा’ हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम जुन्या इंजिनांसाठी ठीक होता. आताच्या गाड्या तोच घाट वरच्या गियरात चढतात, म्हणून उतरताना मी त्याहून एक खालचा धरतो. ब्रेक घासत ठेवू नका. नीट दाबून वेग दहाने पाडा आणि सोडून द्या.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे किंवा चावी बंद करणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंगही बंद. नोव्हेंबर 2022मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या, तेव्हा इंजिन बंद करून गाडी सोडल्याचंच प्राथमिक तपासात पुढे आलं होतं.

आणि उतारावर गियर हुकून गाडी न्यूट्रलमध्ये राहिलीच, तर दांड्याशी झटापट करत बसू नका. हवा भरलेली आणि ड्रम थंड आहेत तोवरच ब्रेक जोरात दाबून वेग पाडा, थांबवता आली तर थांबवाच, मग पहिला-दुसरा टाकून निघा. तुमच्या गाडीला सहाऐवजी नऊ गियर असतील तर तसं कळवा, त्यात खालच्या-वरच्या गियरांचा गट बदलणारं रेंजचं बटण येतं आणि ते उतारावर हलवणं आणखी वाईट.