गुलमर्गच्या चार रात्री आणि दिवाळीचा बोनस

प्रश्न पुण्याच्या एका वाचक ताईंचा आहे. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मुलं अकरा आणि सात वर्षांची. जानेवारीत गुलमर्गच्या एका पंचतारांकित हॉटेलात चार रात्री राहायचं त्यांच्या मनात आहे. दर रात्रीला 42,000 रुपये, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून, वर जीएसटी. यजमानांनी तिथलंच एक साधं हॉटेल शोधलंय, 7,500 रुपयांचं. हातात बोनसचे 2,60,000 आहेत. कमी पडतील ते ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यावेत की तीन महिने एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) थांबवावी, असं त्यांनी विचारलंय.

हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते आहे, आणि कोटेशनवर दिसतं त्यापेक्षा जास्त आहे. रात्रीचा दर 7,500 च्या वर गेला की खोलीवर 18 टक्के जीएसटी, 7,500 पर्यंत 5 टक्के. म्हणजे तुमच्या चार रात्री 1,68,000 च्या नाहीत, 1,98,240 च्या. यजमानांच्या चार रात्री 31,500 च्या. विमानाचे 72,000 आणि टॅक्सी, गोंडोला (डोंगरावर नेणारी केबल कार), स्कीचं भाडं, दुपारची जेवणं यांचे तुम्ही धरलेले 45,000 मिळवले, तर तुमची सहल 3,15,240 वर जाते. तूट 55,240 ची.

ही तूट ईएमआयवर नको. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज सवलत म्हणून वळतं करतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच कार्डावर पडते. रक्कम मोठी नसेल, पण मार्च-एप्रिलमध्ये शाळेच्या फीच्या शेजारी गुलमर्गचा हप्ता दिसला की सहल कडू होते.

एसआयपीचं मला तेवढं वाटत नाही. तीन महिने थांबली म्हणून तुमची निवृत्ती बुडणार नाही. ‘हेच पैसे वीस वर्षं ठेवले असते तर’ असली गणितं मांडून माणसांच्या सहली मारणाऱ्या सल्लागारांचा मला मनापासून कंटाळा आहे. मला खटकलं ते पत्रातलं शेवटचं वाक्य, तुम्ही जाता जाता लिहिलेलं: यजमानांनी ऑगस्टमध्ये नोकरी बदलली आणि ते अजून प्रोबेशनवर आहेत. घरखर्च हप्त्यासकट महिना 95,000, आणि अडीअडचणीला बाजूला ठेवलेले दीड लाख. दोन महिनेसुद्धा निघत नाहीत. त्यामुळे बोनसच्या बाहेर एक रुपयाही जाऊ नये, आणि त्यातलाही थोडा उरावा.

आता हॉटेलचं. 42,000 मध्ये तुम्ही नेमकं काय विकत घेताय? बर्फ नाही, तो 7,500 वाल्या खिडकीतूनही तितकाच पांढरा दिसतो. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर, महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. तिथल्या जानेवारीत लक्झरीचा पहिला अर्थ ऊब. रात्री पारा शून्याच्या बराच खाली असताना खोली, न्हाणीघर आणि जेवणघर सारखं गरम ठेवणं महाग पडतं. साध्या हॉटेलात हीटर कधी चालतो, वीज गेली तर काय, बुखारी (खोली गरम करणारी काश्मिरी शेगडी) आहे का, हे फोन करून विचारावं लागतं. दुसरी गोष्ट सकाळची. श्रीनगरहून दिवसाच्या फेरीला येणारी गर्दी सकाळी उशिरा वर येते आणि संध्याकाळी उतरते. त्याआधीचं आणि नंतरचं गुलमर्ग मुक्कामी राहणाऱ्यांचं. पण ही सकाळ यजमानांच्या हॉटेलातही मिळते, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

म्हणून माझा कौल: पहिली रात्र साध्या हॉटेलात, मधल्या दोन तुमच्या हॉटेलात, शेवटची श्रीनगरात, साध्याच दरात. बर्फाने रस्ता अडला तर विमान चुकू नये म्हणून शेवटचा मुक्काम खालीच हवा. हिशेब 2,31,870 चा होतो. उरलेले 28,130 थेट त्या दीड लाखात टाका. दोन रात्रींत हॉटेलाची हौस पुरी होते. तिसऱ्या दिवशी मुलांना तिथला गरम पाण्याचा तरणतलाव घरच्यासारखा वाटू लागतो आणि तुम्ही तेच पैसे भरत राहता.

बुकिंग करताना एक मोह होईल. परत न मिळणारा दर दहा टक्के स्वस्त आहे, असं तुम्ही लिहिलंय. दोन रात्रींवर 9,912 रुपये वाचतील. वाचवू नका. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार ऐन मोसमात बर्फाविना बोडके होते. फेब्रुवारी 2025 मध्ये बर्फ नाही म्हणून तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ मार्चवर ढकलावे लागले. प्रवास विमा ‘बर्फच पडला नाही’ याचे पैसे देत नाही. स्कीइंगची दुखापत धरतो का, तेही पॉलिसीत वाचून घ्या. तेव्हा रद्द करता येणारा दरच घ्या, जमलं तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याचा. चिल्लई कलानची, म्हणजे काश्मिरातल्या सर्वांत कडक थंडीची, चाळिशी जानेवारीअखेर संपते, तोवर त्यातल्या त्यात आशा जास्त.

उरलेलं थोडक्यात. दुपारचं जेवण हॉटेलबाहेर घ्या; इतक्या महाग खोल्यांच्या हॉटेलात रेस्टॉरंटच्या बिलावरही 18 टक्के लागतो. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधी काढा, पण दुसरा टप्पा, अफरवट शिखराकडचा, वाऱ्याने बंद राहू शकतो, तर मुलांना त्याचं वचन देऊ नका. बर्फ असेल तर श्रीनगरची टॅक्सी टंगमर्गला थांबते आणि वरच्या 13 किलोमीटरना चाकांना साखळ्या लावलेली गाडी वेगळी करावी लागते. 45,000 मध्ये ती धरलेली दिसत नाही, तिचे पैसे त्या 28,130 मधून काढा आणि उरतील तेच दीड लाखात टाका. बाहेरून आलेलं प्रीपेड सिम काश्मिरात चालत नाही. स्लेजवाले, गमबूटवाले भाव करून रोख मागतात, आणि फोनच बंद असेल तर यूपीआय कुठून करणार? घरात एक तरी पोस्टपेड आहे ना, ते बघा.