आरियाचा साचा आणि पात्राचा स्वभाव

प्रश्न : हॅन्डेलच्या ऑपेरात पात्र पहिलं कडवं गातं, दुसरं गातं आणि पुन्हा पहिल्यावरच येतं. मग त्याच्या मनात काही घडलं, असं कसं म्हणायचं?

उत्तर : हा दा कापो (‘पुन्हा पहिल्यापासून’) आरियाचा, म्हणजे ऑपेरातल्या एकल गीताचा, साचा. मजकूर दोनच कडव्यांचा असतो. वाद्यवृंदाच्या तुकड्यानंतर, म्हणजे रितोर्नेल्लोनंतर, पहिलं कडवं येतं आणि मूळ पट्टी सोडून जवळच्या पट्टीत जातं. छोट्या रितोर्नेल्लोनंतर तेच कडवं पुन्हा गायलं जातं, ते या वेळी मूळ पट्टीत परततं. दुसरं कडवं आखूड, पट्टी वेगळी, साथही बहुधा विरळ. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून, आता हरकतींसह.

पात्राच्या मनात काय चाललंय, ते दुसऱ्या कडव्यात शोधा. ‘जुलिओ चेझारे’ (१७२४) मधली क्लिओपात्राची ‘पियांजेरो’ घ्या. भाऊ तोलोमेओनं तिला कैद केलंय आणि सीझर बुडाला असं ती समजून चालली आहे. पहिलं कडवं ई मेजरमध्ये, संथ, तीनच्या चालीत : जीव आहे तोवर नशिबावर रडत राहीन. दुसऱ्या कडव्यात सी शार्प मायनर, जलद लय आणि धावत्या ताना : मेल्यावर भूत होऊन त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळीन. आणि मग परत तेच संथ रडणं. धमकी देऊन झाली, पण ती अमलात आणायला तिच्या हातात काही नाही. हे शब्दांत कुठेच नाही, साचाच ते सांगतो. म्हणून दुसरं कडवं गाळलं किंवा नरम लयीत उरकलं, तर उरते फक्त एक रडणारी राणी.

याच ऑपेरात बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या सेस्तोच्या ‘स्वेल्यातेवी’त उलटं आहे. सूडाचा जोर पहिल्या कडव्यात आहे आणि खून झालेल्या बापाची सावली आठवताना लय संथ होते.

पुनरावृत्तीचा कंटाळा तेव्हाही येत होताच. ‘आल्चेस्ते’ या आपल्या ऑपेराच्या १७६९ साली छापलेल्या प्रस्तावनेत संगीतकार ग्लुकची तक्रार आहे : दुसरा भाग कदाचित सर्वांत उत्कट असेल, तरी पहिल्याचे शब्द चार वेळा म्हणता यावेत म्हणून तो घाईनं उरकतात. दोनदा आधी, दोनदा परतल्यावर; हिशेब बरोबर आहे. दुसऱ्या कडव्याला नुसती विश्रांतीची जागा समजणाऱ्या संगीतकारांना ही तक्रार नेमकी लागू पडते. हॅन्डेलला क्वचितच.

प्रश्न : मोझार्टच्या आरियांत असा ठरलेला साचा सापडत नाही. मग काय धरून ऐकावं?

उत्तर : साचे आहेत, पण अनेक आहेत, आणि कोणत्या पात्राला कोणता साचा दिला यातच त्याचं माप असतं. ‘फिगारो’ (१७८६) मधल्या ‘से वुओल बाल्लारे’त नोकर असलेला फिगारो मालक काउंटला उद्देशून गातो तो मिन्युएटमध्ये. मिन्युएट हा सरदार-दरबाऱ्यांचा नाच. तंतुवाद्यं बोटांनी छेडली जातात, गिटार वाजवून देण्याच्या त्याच्या टोमण्याला शोभतील अशी. मध्येच दोनच्या चालीत प्रेस्तो, म्हणजे अतिजलद भाग, उसळतो आणि डावपेच उघडे पडतात. मग पुन्हा अदब. पण शेवट वाद्यवृंद प्रेस्तोतच करतो.

त्याच ऑपेरातल्या काउंटेसच्या ‘दोवे सोनो’त जुन्या सुखाची संथ ओळ परत येते, तरी आरिया तिथे थांबत नाही. अॅलेग्रो, म्हणजे जलद भाग, सुरू होतो, आणि नवऱ्याचं मन वळेल ही आशा त्यात आहे. क्लिओपात्रा परत जाते, काउंटेस पुढे निघते.

संतापासाठी १७८२ च्या ‘एन्टफ्युरुंग’ या मोझार्टच्याच ऑपेरातला ओस्मिन ऐका. आरिया संपली असं वाटतं तेवढ्यात नवी लय आणि नवी पट्टी येते. मोझार्टनं २६ सप्टेंबर १७८१ च्या पत्रात वडिलांना याचं कारण कळवलं : रागावलेला माणूस भान सोडतो, तसं संगीतानंही सोडावं; पण कानाला त्रास होता कामा नये. म्हणून एफ मेजरवरून तो अगदी शेजारच्या डी मायनरला न जाता ए मायनरला जातो. किंचित लांब, पण अनोळखी नाही. फार लांबची पट्टी घेतली असती तर नुसता गोंगाट वाटला असता.

प्रश्न : दा कापोच्या वेळी हरकती किती घ्याव्यात?

उत्तर : पहिल्या वेळी अगदी थोड्या, दुसऱ्या कडव्यात जराशा जास्त, परतल्यावर मोकळेपणानं, तोझी या गायक-शिक्षकानं १७२३ मध्ये हाच क्रम सांगितला. परतताना पहिली ओळ ओळखू येऊ द्या, भर वाक्यांच्या शेवटांवर ठेवा आणि खालच्या बासशी, म्हणजे साथीतल्या खर्जाच्या ओळीशी, स्वर जुळतात का ते तपासा. चुका बहुतेक तिथेच होतात. कादेंझा, म्हणजे शेवटाजवळची साथीविना घेतलेली मोकळी तान, एका श्वासात बसावी, असं बासरीवादक क्वांट्स १७५२ मध्ये सांगतो. ‘पियांजेरो’त मात्र हात आखडता घ्या. तानांची जागा दुसऱ्या कडव्यात आहे. त्या संथ भागातही ओतल्या तर दोन्ही कडव्यांतला फरक पुसला जातो.