प्रीॲम्प खरंच चांगला आहे की नुसता मोठा वाजतोय?

प्रश्न : आमच्या छोट्या स्टुडिओत गाणी आणि व्हॉइसओव्हर थेट ऑडिओ इंटरफेसवरच (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) रेकॉर्ड करतो, माईक शुअर एसएम७बी. एका मित्राने आठ दिवसांसाठी वेगळा प्रीॲम्प (माईकचा कमकुवत सिग्नल वाढवणारं यंत्र) वापरायला दिलाय. मला आवाज एकदम भरदार वाटतोय, पार्टनर म्हणतो काहीच फरक नाही. घ्यायचा की नाही, कसं ठरवू?

उत्तर : आधी तो प्रीॲम्प कुठे जोडलाय ते बघा. इंटरफेसच्या कॉम्बो जॅकमध्ये (माईक आणि लाइन दोन्ही केबल घेणारं भोक) एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची माईकची केबल, घातली असेल तर बहुतेक इंटरफेसमध्ये सिग्नल परत आतल्या माईक प्रीॲम्पमधून जातो, म्हणजे तुम्ही दोन प्रीॲम्प एकामागे एक ऐकताय आणि दोष-गुण कुणाचे तेच कळणार नाही. टीआरएस केबलने (मोठ्या हेडफोनसारखी पिन असलेली) लाइन इनपुटला जोडा.

आता मुख्य गोष्ट, लेव्हल. अर्धा डेसिबल जास्त असेल ना, तर कानाला ते "मोठं" वाटत नाही, "भरदार", "क्लिअर" असं वाटतं, आणि इथेच भलेभले फसतात. बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज वाढला की कानाला खालचा बास त्या मानाने जास्त ऐकू येतो. मी स्वतः दोन दिवस एका प्रीॲम्पचं कौतुक करत होतो, मग मीटर लावून बघितलं तर तो ०.७ डेसिबल वर होता, लेव्हल सारखी केली आणि ते कौतुक तिथेच संपलं.

म्हणून असं करा. गायकाला दोनदा गायला लावू नका, कोणीच दोनदा तंतोतंत सारखं गात नाही. आधी रेकॉर्ड केलेला, कुठलाही इफेक्ट न लावलेला व्होकल एका स्पीकरवर लावा, समोर माईक ठेवा, स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर टेप मारा आणि मग त्याला हातही लावू नका. आधी १ किलोहर्ट्झचा टोन वाजवून इंटरफेसचा आतला प्रीॲम्प आणि हा नवा, दोन्हींचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, मग तोच व्होकल दोन्हींतून रेकॉर्ड करा. पार्टनरने नाणं उडवून कुठला टेक लावायचा ते ठरवायचं, तुम्ही पाठ फिरवून बसायचं आणि टेक कुठल्या प्रीॲम्पचा ते ओळखायचं, असं १६ वेळा. निदान १२ बरोबर आले तर फरक खरा धरा, कारण नुसत्या अंदाजाने एवढे यायची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असते.

तुमच्या माईकच्या बाबतीत मात्र एक गोष्ट खरंच तपासण्यासारखी आहे, ती म्हणजे हिस, मागे सतत येणारा बारीक 'स्स्स' आवाज. एसएम७बी एका पास्कलला (आवाजाच्या दाबाचं एकक) जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो, आणि स्वस्तातल्या इंटरफेसचा नॉब शेवटाकडे नेला की खरखर वर येते. स्पेसिफिकेशनमध्ये ईआयएन बघा, म्हणजे प्रीॲम्पची स्वतःची हिस किती ते सांगणारा आकडा, उणे जितका जास्त तितका चांगला. १५० ओहमला उणे १२८ डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) असेल तर उत्तमच, कारण निसर्गाचीच मर्यादा उणे १३१ च्या आसपास आहे, त्यापुढे कितीही पैसे ओतले तरी मिळणार काय? (आकडा ए-वेटेड, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारा भाग कमी मोजलेला, आहे का तेही बघा, तो दिसायला जास्त चांगला दिसतो.) दोन्हींवर तेवढाच गेन ठेवून माईक गाद्या-उशांत गुंडाळा, ३० सेकंद शांतता रेकॉर्ड करा, हेडफोनवर ऐका.

हिस सारखीच असेल आणि १६ पैकी १२ जमले नाहीत, तर प्रीॲम्प परत द्या आणि ते पैसे खोलीत घाला. गायक उभा राहतो तिथे एक टाळी वाजवून बघा, भिंतींतून झणझण परत येत असेल तर ती प्रत्येक टेकमध्ये बसलेली आहे आणि ती कुठलाच प्रीॲम्प काढू शकत नाही. गायकाच्या पाठीमागे १० सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल पॅनल लावून तोच व्होकल पुन्हा रेकॉर्ड करा, हा फरक पार्टनरलाही ऐकू येईल.